जुने कागद अटालेवाल्याला (भंगारवाल्याला) द्यायचे, हातानी फाडायचे, की मशीन घ्यायची? (इंदूर)

अनु_रामबाग
मंडळी, सासऱ्यांचं रामबागेतलं घर बिल्डरला द्यायचंय म्हणून रिकामं करतोय. भांडीकुंडी, कपाटं, झोपाळा सगळं मार्गी लागलं, अडलंय ते कागदांपाशी. तीन लोखंडी ट्रंका नी वर एक पलंगपेटी भरून. पासबुकं, विम्याच्या पावत्या, मिलचे कागद, विजेची बिलं, सासूबाईंच्या ऑपरेशनच्या फाइली, नी आधार आल्यापासून कुठे ना कुठे लागतील म्हणून काढून ठेवलेल्या झेरॉक्स कॉप्यांचा तर वेगळा गठ्ठाच आहे. मिस्टर म्हणतात अटालेवाल्याला बोलव, किलोनी देऊन मोकळी हो. मी म्हटलं थांबा जरा.

कारण मागच्याच महिन्यात शेजारच्या काकूंना फोन आला, समोरच्याला पॉलिसी नंबर, काकांचं पूर्ण नाव, हप्ता किती, सगळं पाठ, बोनस अडकलाय म्हणे, प्रोसेसिंगचे पैसे भरा की लगेच सुटेल. काकू खमक्या, त्यांनी त्यालाच चार शब्द सुनावून फोन ठेवला. आता त्याला ते सगळं कागदावरूनच कळलं असं काही मी छातीठोक म्हणत नाही, पण माझ्यासमोर अगदी तसल्याच पावत्यांचा ढीग पडलाय नी त्यावर तेच सगळं छापलेलं आहे.

तर विचारायचं हे की हातानी फाडून सुक्या कचऱ्यात टाकलं तर चालतं का, श्रेडर, म्हणजे कागद कापायची मशीन, घ्यायचा तर कसला, नी मुळात ठेवायचं काय नी फाडायचं काय?

भिया_इंदौरी
बंब पेटवा नी घाला त्यात. आंघोळीचं पाणी पण तापेल, एका दगडात दोन पक्षी.

जुनाइंदूरकर
भिया, बंब आता राहिलेत कुणाकडे, नी अंगणात पेटवलं तर शेजारी फोटो काढून निगमला पाठवतील. उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये दंड, एनजीटीनी (हरित लवादानी) २०१६ लाच ठरवून टाकलंय. आणि गठ्ठा कधी जाळून बघितलाय का? आमच्या वाड्यात आजोबांनी जुन्या वह्या जाळल्या होत्या, कडा काळ्या झाल्या नी मधली पानं जशीच्या तशी, अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. गठ्ठ्याच्या आत हवाच जात नाही ना. एकेक पान सुटं करून जाळायचं तर मग तेवढ्या वेळात फाडून पण होतं.

सेवपरमल
अनुताई, हातानी फाडून सुक्यात टाकण्याबद्दल सांगतो. आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत वरचा नंबर सोडत नाहीये, त्याचं कौतुक आहेच, पण त्याचीच एक गंमत आहे. इथे ओला सुका घरातूनच वेगळा होतो, गाडीत कप्पे वेगळे, पुढे सुका कचरा सॉर्टिंगला जातो नी तिथे मशीनबरोबर माणसं पण बसलेली असतात जी पट्ट्यावरून कागद, पुठ्ठा, प्लास्टिक हातानी वेगळं काढतात. म्हणजे दुसऱ्या एखाद्या गावात तुमचं बँकेचं स्टेटमेंट भाजीच्या देठांबरोबर सडून तरी गेलं असतं, आपल्याकडे ते कोरडं ठणठणीत, इस्त्री केल्यासारखं शेवटपर्यंत पोचतं. तिथे काम करणाऱ्यांना मी अजिबात नावं ठेवत नाहीये, त्यांना वाचत बसायला फुरसत कुठली. पण घरापासून तिथपर्यंत नी तिथून पुढे कागद गिरणीपर्यंत किती हात लागतात ते मोजा. चार तुकडे केलेलं पान एकाच पिशवीत टाकलं तर ते फाडलेलं नाहीच, नुसती घडी घातल्यासारखं आहे.

माळव्यातला_मुकुंद
एवढं काय घाबरायचं हो? आपला नंबर, पत्ता, आधार सगळं आधीच कुठे ना कुठे लीक झालेलं आहे. ज्याला पाहिजे तो पैसे टाकून विकत घेतो. तुमची ट्रंक उघडून बसायला कुणाला वेळ आहे.

अनु_रामबाग
मुकुंददादा, लीक झालंय ते माझ्या हातात नाही, ट्रंक माझ्या हातात आहे.

खटपट्या
मुकुंदभाऊंचं अर्धं बरोबर आहे. रद्दीतून कागद उचलून कोणी सरळ तुमचं खातं रिकामं करत नाही, त्याला ओटीपी लागतो. कागद कामाला येतो तो बोलणं खरं वाटावं म्हणून. नाव, जन्मतारीख, शाखा, पॉलिसी नंबर, डॉक्टरचं नाव अशा चार खऱ्या गोष्टी सांगितल्या की पाचवी खोटी गोष्ट माणूस आपसूक मानतो. नी दुसरं म्हणजे सही. लीक झालेल्या यादीत सही नसते, तुमच्या जुन्या फॉर्मवर नी चेकवर असते.

आता मशीनचं. मी बरीच वर्षं खजुरी बाजाराच्या बाजूला ऑफिसचं सामान विकत होतो, आता धंदा बंद आहे म्हणून मोकळेपणानी सांगतो. खोक्यावर पी-१ ते पी-७ असं लिहिलेलं असतं, जर्मन स्टँडर्ड आहे, डीआयएन ६६३९९, २०१२ चं, २०१८ ला ते आयएसओत पण आलं. आकडा मोठा तितका तुकडा बारीक. सगळ्यात स्वस्त मशीन लांब पट्ट्या कापते, पी-२ म्हणजे ६ मिमीपर्यंतची पट्टी, एका ए-फोर पानाच्या पस्तीसेक पट्ट्या निघतात. ही घेऊ नका. क्रॉस कट पी-४ मध्ये तुकडा १६० चौरस मिमीच्या आत, साधारण ४ बाय ४०, म्हणजे एका पानाचे चारशेच्या आसपास तुकडे. पी-५ मायक्रो कट, २ बाय १५ चा तुकडा, पानाचे दोन हजार. घराला पी-४ पुष्कळ झालं. पी-५ चांगलंच आहे पण एका वेळी पानं कमी घेते, डबा लवकर भरतो, नी बारीक भुसा घरभर उडतो तो वेगळा.

पट्टीवाली का नको म्हणतो ते घरी बघता येईल. पान आडवं घालून बघा, म्हणजे ओळी पट्टीच्या दिशेनी येतील असं. छापलेली ओळ तीन-चार मिमी उंच, पट्टी सहाची. पूर्ण ओळच्या ओळ, खातेदाराचं नाव, खाते नंबर, आयएफएससी, एका पट्टीवर साबूत बाहेर येते, जोडायची पण गरज नाही. उभं घातलं तर ओळी तुटतात, मग प्रत्येक पट्टीवर दोन-तीन अक्षरं राहतात, ते जरा बरं. तरी पण पट्ट्या जोडणारे जोडतातच. १९७९ ला तेहरानमध्ये अमेरिकेचं दूतावास ताब्यात गेलं तेव्हा आतल्या लोकांनी कागद पट्टी मशीनमधून काढले होते, तिथल्या मंडळींनी गालिचे विणणारे कारागीर बसवून ते जोडून काढले नी पुस्तकं छापली.

सेवपरमल
आणि हातानी फाडण्याबद्दल जर्मनीचंच घ्या. १९८९-९० ला पूर्व जर्मनीतल्या श्टाझीवाल्यांनी, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांनी, मशीनं दमली म्हणून हातानी कागद फाडले, सोळा हजाराच्या आसपास पोती निघाली. १९९५ पासून माणसं ते टेबलावर मांडून जोडत होती, पाचशेच्या वर पोती हातानीच जोडून झाली.

माळव्यातला_मुकुंद
हो पण ते सरकार होतं. माझ्या विजेच्या बिलासाठी कोण गालिचेवाले बसवणार आहे!

खटपट्या
कोणीच नाही, म्हणून तर पी-४ बास म्हटलं. २०११ ला अमेरिकेच्या डार्पा या लष्करी संशोधन संस्थेनी श्रेड केलेल्या कागदांची पाच कोडी देऊन स्पर्धा ठेवली होती, बक्षीस पन्नास हजार डॉलर, तर जिंकणाऱ्या टीमला कॉम्प्युटर नी डोळे दोन्ही लावून महिनाभर लागला. तुमच्या बिलासाठी एवढं कोणी करणार नाही ह्यातच आपला बचाव आहे. कुलूप पण तसंच असतं, शेजारच्या घरापेक्षा जास्त वेळ लागला म्हणजे झालं.

पण अनुताई, एक लक्षात घ्या. घरगुती मशीन तीन ते पाच मिनिटं चालते नी मग अर्धा तास बसते. मोटर तापली की आपोआप बंद, लोकांना वाटतं बिघडली, परत करायला धावतात. तीन ट्रंका नी पलंगपेटी असं एकदम घालायला जाल तर पुढची दिवाळी उजाडेल. आधी निवडा, मग मशीन.

हिशेबनीस
खटपट्यांनी माझं काम सोपं केलं. मी सीए आहे, त्या हिशोबानी सांगते. लोक मशीन आणली की हुरळून जातात नी जे ठेवायचं तेच आधी घालतात.

ज्याला हात लावायचा नाही: रजिस्ट्री, नामांतरणाचे कागद, मृत्युपत्र, जन्म-मृत्यू-लग्नाचे दाखले, पेन्शनची पीपीओ (मंजुरीची ऑर्डर), नी घर बांधल्याची किंवा वाढवल्याची बिलं. हे शेवटचं कुणाला सुचत नाही. घर बिल्डरला देताय, कॅपिटल गेन (विक्रीतला नफा) काढताना १ एप्रिल २००१ नंतर बांधलेल्या वरच्या मजल्याचा खर्च दाखवायचा तर तेच पिवळं पडलेलं बिल लागेल. आधी ट्रंकेत ते शोधा.

इन्कम टॅक्स: धंदा-व्यवसाय असेल तर त्या असेसमेंट वर्षाच्या शेवटापासून सहा वर्षं हिशोब ठेवायचे. नोकरदारांनी पण तेवढेच ठेवावेत, जुनी केस उघडली तर उपयोगी पडतात. त्याआधीचे फॉर्म सोळा, स्टेटमेंटं खुशाल श्रेड करा. दुकान असेल तर जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने.

आता महत्त्वाचं. जुनी पासबुकं नी एफडीच्या पावत्या आहेत म्हणालात, त्या आत्ता फाडू नका. दहा वर्षं कोणी हात न लावलेलं खातं असेल तर बँक ते पैसे रिझर्व्ह बँकेच्या फंडात जमा करते, पण हक्क जात नाही. उद्गम नावाचं पोर्टल आहे २०२३ पासून, सासऱ्यांचं नाव घालून बघा. शेअर सर्टिफिकेटं निघाली तर अजूनच जपा. सात वर्षं डिव्हिडंड घेतला नसेल तर शेअर आयईपीएफ या सरकारी फंडाकडे जातात, तिथून अर्ज करून सोडवता येतात. माझ्याकडे एक आजी आल्या होत्या, मुलगा शेअरचे कागद रद्दीत देणार होता, एका कंपनीचं नाव ओळखीचं वाटलं म्हणून त्यांनी वेगळे काढले. मुलाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

जुनाइंदूरकर
ताई अगदी बरोबर, नी मिलचे कागद म्हणालीस त्यावरून. अनु, सासरे हुकुमचंद मिलमध्ये होते का? मिल ९१-९२ ला बंद पडली नी मजुरांच्या पैशाचा निकाल लागून २२४ कोटी द्यायचं झालं ते २५ डिसेंबर २०२३ ला. ४,८०० च्या आसपास मजुरांचा प्रश्न होता, कित्येक तोपर्यंत गेले पण. माझ्या काकांचा टिकट नंबर नी पगाराची चिठ्ठी काकूनी देवाच्या फडताळात ठेवली होती, तिला लोक हसायचे. वारस म्हणून उभं राहायची वेळ आली तेव्हा तेच कामाला आलं.

अनु_रामबाग
मालवा मिलमध्ये होते. वाचून काटा आला हो, मी तो गठ्ठा पहिल्यांदा टाकायला काढला होता. वेगळा ठेवतेय.

मोडीप्रेमी
तळाला मोडीतले कागद असतील तर कृपा करून इथे सांगा. होळकरशाहीतल्या घरांमध्ये निघतात, लोकांना ते कोंबडीचे पाय वाटतात नी पहिले तेच टाकतात. वतन, कर्ज, जमिनीची वाटणी काहीही असू शकतं. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाला ओटीपी येत नाही, त्यात प्रायव्हसी काही नाही.

वडोदऱ्याची_लेक
माझं माहेर वडोदरा, सासर इंदूर, दोन्हीकडे बघितलंय म्हणून सांगते, ट्रंकेपेक्षा मोठं भोक म्हणजे झेरॉक्सचं दुकान. काळी आलेली, तिरकी आलेली कॉपी दुकानदार बाजूच्या ट्रेमध्ये टाकतो नी मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोब लिहून देतो. मला एका दुकानातून अठ्ठावीस रुपयांचं बिल मिळालं, उलटं केलं तर कुणा बाईंचं आधार, फोटो, नवऱ्याचं नाव, घर नंबरसकट. त्या बाईंना पत्ता पण नसेल. तेव्हापासून मी बिघडलेली कॉपी मागून घेते, दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे. नी व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवून प्रिंट काढता ना, ती त्याच्या कॉम्प्युटरवर डाउनलोडमध्ये तशीच पडलेली असते, समोर उभं राहून डिलीट करायला लावायची नी कॉम्प्युटरच्या रिसायकल बिनमधून पण. मोठ्या कॉपियरमध्ये तर आत हार्ड डिस्कच असते.

खटपट्या
एकदम खरं. मशीन विकताना हार्ड डिस्क पुसून द्या म्हणणारा गिऱ्हाईक मला क्वचितच भेटला.

हिशेबनीस
आधारची झेरॉक्स द्यायचीच असेल तर मास्क्ड आधार द्या, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात, यूआयडीएआयच्या साइटवरून उतरवता येतं. बऱ्याच ठिकाणी चालतं, हॉटेलमध्ये तर मी दुसरं देतच नाही. जिथे पूर्णच लागतं तिथे कॉपीवर आडवं लिहायचं, कशासाठी, कुणाला, तारीख, सही, नी ते अक्षर छापलेल्या मजकुरावरून गेलं पाहिजे, मोकळ्या कोपऱ्यात नाही. कोपरा कापता येतो.

आणि एक, लोक म्हणतात आता २०२३ चा डेटा कायदा आलाय, काम झालं की कंपन्यांना माहिती पुसावी लागेल. हो, पण तो कायदा डिजिटल माहितीचा आहे. कागदावरची माहिती पुढे कॉम्प्युटरवर चढवली तर त्यात येते, नुसती फाइलीत पडून असलेली झेरॉक्स त्यात येत नाही. सोसायटीच्या ऑफिसमधल्या कपाटात भाडेकरूंच्या आधारच्या थप्प्या असतात, त्यांचं काय ते आपणच विचारायचं.

सुलभा_मावशी
मशीन विकत न घेता सांगू का? आमच्या आईकडे कागदाचा लगदा करून टोपल्या करायचे. कागद रात्रभर बादलीत भिजवायचे, सकाळी पिळून खलबत्त्यात कुटायचे, त्यात मेथ्यांची पूड घालायची म्हणजे कीड लागत नाही, नी पातेल्यावर उलटं थापायचं. वाळलं की मस्त हलकी टोपली, धान्य पाखडल्यावर ठेवायला. तुमचे ते पी-४ पी-५ सगळे त्यापुढे पाणी भरतील, लगद्यातून कोण अक्षर काढणार? फक्त चकचकीत कागद नी प्लास्टिकचं आवरण असलेलं घालू नये, ते विरघळत नाही.

भिया_इंदौरी
मावशी म्हणजे बँकेच्या स्टेटमेंटच्या टोपलीत जिरावण मसाला ठेवायचा. जबरदस्त!

अनु_रामबाग
मावशी, एका बादलीचं उद्याच करून बघते. झेरॉक्सचा गठ्ठा त्यातच घालते, तो एकसारखा कागद आहे.

सुलभा_मावशी
आधी पिना काढ गं, नाही तर कुटताना हाताला लागतील.

सेवपरमल
चहाच्या चोथ्यात कालवून ओल्यात टाकायचा सोपा मार्ग पण आहे, चार-पाच पानांपुरता. फक्त ओल्यात कागदाचा ढीग दिसला की आमच्या गाडीवरचा दादा सगळ्या गल्लीसमोर ओरडतो. श्रेडरचा भुसा असेल तर सुक्यातच, पण जुन्या कागदी पिशवीत तोंड बांधून, मोकळा टाकला की रस्ताभर उडतो नी मग तुमच्यामुळे वॉर्डाचे मार्क जातात.

वडोदऱ्याची_लेक
ऑनलाइनच्या खोक्यांवरचं लेबल विसरू नका कोणी. नाव, पत्ता, मोबाइल तिन्ही. ते थर्मल असतं, गरम इस्त्री कागद ठेवून फिरवली की काळं ठिक्कर पडतं, खोकं तसंच देता येतं. एटीएमच्या चिठ्ठ्यांचं पण तसंच, पण त्या लगद्यात नको, त्या कागदाला रसायनाचा थर असतो.

माळव्यातला_मुकुंद
बरं ऐकतोय, ऐकतोय. जुनी डेबिट कार्डं?

खटपट्या
चिप मधोमध कापायची, मागची काळी पट्टी आडवी तीन-चार ठिकाणी, नी सीव्हीव्ही वेगळ्या तुकड्यात गेला पाहिजे. बऱ्याच मशीनला कार्डाची वेगळी फट असते. नी मशीन घेतलीच तर ऐका: तेल बाटलीतलं, कागदावर थेंब टाकून आत सोडायचं, स्प्रे मारायचा नाही, स्प्रेचा गॅस मोटरच्या ठिणगीनी पेटतो. छोट्या पिना चालतात, यू-क्लिपा काढायच्या. पदर, ओढणी, लांब केस लांब ठेवायचे, नी वापर झाला की प्लग काढायचा, घरात लहान मूल असेल तर हमखास.

अनु_रामबाग
अपडेट. दोन ट्रंका झाल्या. खूप सारं निव्वळ रद्दी निघालं, लग्नपत्रिका, जुने दिवाळी अंक, कॅलेंडरं, ते सरळ अटालेवाल्याला. ठेवायच्या कागदांची एक फाइल झाली. हिशेबनीस ताई, वरच्या मजल्याची सिमेंट नी लोखंडाची बिलं सापडली! उद्गमवर एक जुनं खातं पण दिसतंय, बँकेत जाऊन येते. मशीन आम्ही तीन घरांनी मिळून घेतली, पी-४, पाच हजाराच्या आत बसली, आता फिरती राहील. पण सासूबाईंच्या एक्स-रे फिल्मांचं काय करू? त्यावर नाव, वय, डॉक्टर सगळं आहे.

जुनाइंदूरकर
त्यावर चांदीचा अंश असतो म्हणून भंगारवाले वेगळा भाव देतात, जाळू मात्र नका. नावाची पट्टी कोपऱ्यात असते, तेवढी कात्रीनी कापून घ्या, बाकी देऊन टाका. रिपोर्टच्या फाइलीतले शेवटचे दोन-तीन ठेवा, मुलांना हिस्ट्री विचारतात डॉक्टर.

माळव्यातला_मुकुंद
अनुताई, तिसऱ्या घराचं झालं की मशीन चार दिवस सुदामा नगरला मिळेल का?

अनु_रामबाग
मिळेल की. तेलाची बाटली तुमची.

माळव्यातला_मुकुंद
कबूल. नी जुना लॅपटॉप आहे त्याची डिस्क?

खटपट्या
ते कागदाहून मोठं प्रकरण आहे, डिलीट मारून काही जात नाही. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.